पान ११२ च्या पुढे

माझ्याकडे एक पुस्तक आहे. त्याला कव्हर नाही, पहिली चार पानं नाहीत, त्यामुळे नावही कळत नाही आणि लेखकही. पान ५ वर मलबार हिलच्या एका बंगल्यात मृत्युपत्र ऐकायला सात माणसं जमलेली आहेत. पान ९ वर दिवे जातात. पान १० वर येतात, तेव्हा सातांतला एक जण गालिच्यावर पालथा पडलेला असतो. मग शंभर पानं नुसती धावपळ. टॅक्सीचा पाठलाग, चर्नी रोडच्या चाळीतला खोटा पत्ता, दोनदा बदललेली सिगारेटची डबी. पान ११२ वर इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो, दाराला आतून कडी घालतो आणि खिशातून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढून टेबलावर ठेवतो. त्यापुढची पानं नाहीत.

सातवीच्या सुट्टीत साताऱ्यात हे पुस्तक माझ्या हाती आलं, तेव्हाच ते असं होतं. आमच्या घरापासून एसटी स्टँडकडे जाताना पत्र्याची एक टपरी लागायची. पुढे गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या आणि मागे दोरीवर चिमट्यांनी लटकवलेली पॉकेटबुकं. पाच रुपये अनामत, दिवसाला दहा पैसे. दुसऱ्या दिवशी मी रडवेली होऊन शेवटाची पानं मागायला गेले, तर टपरीवाले म्हणाले, "रहस्यकथा म्हणून नेलीस न्हवं? मग ऱ्हाऊ दे की रहस्य." वर मोठ्या मनानं म्हणाले, ठेव तुलाच, दहा पैसे नकोत.

त्या रात्री मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर शेवट स्वतः लिहिला. खून वकिलानं केला असं ठरवलं, कारण वकील सारखा चष्मा पुसत होता. वडिलांनी ती पानं बघितली. जिल्हा परिषदेतल्या कारकुनाला शोभेल असा त्यांनी त्यावर उपाय काढला. एक दोनशेपानी वही आणून तिला लाल पेन्सिलनं रकाने आखून दिले: तारीख, पुस्तक, लेखक, शेरा. पाचवा रकाना मी वाढवला. खुनी कितव्या पानावर ओळखला. बहुतेक वेळा त्या रकान्यात मी आधी एक आकडा लिहिलेला आहे आणि मग तो खोडून 'चूक' असं लिहिलेलं आहे.

ही वही मी लग्नानंतरही काही वर्षं चालवली. माहेर सातारा, सासर सांगली. मग नोकरी, मुलं, दोन्हीकडची आजारपणं. १९९४ च्या मार्चमध्ये शेवटची नोंद आहे, तीही अर्धवट. पंचवीस वर्षांनी मी ती वही पुन्हा उघडली. या लेखाचं निमित्त ते आहे, पण मला सांगायचं आहे ते वहीबद्दल नाही, त्या रकान्यांत ज्यांची नावं आहेत त्यांच्याबद्दल. मराठी माणसानं जी पुस्तकं सगळ्यात भुकेनं वाचली, त्यांची आपल्याकडे सगळ्यात कमी नोंद आहे.

*

वहीच्या पहिल्या पन्नास पानांवर सर्वांत जास्त वेळा येणारं नाव बाबूराव अर्नाळकर यांचं. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९०६ चा जन्म, १९९६ ला गेले. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या आणि गिनीज बुकानं त्याची नोंद घेतली. लेखनाची पन्नास वर्षं धरली तरी महिन्याला दीडाहून जास्त पुस्तकं होतात. झुंझार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही त्यांची माणसं. माझ्या वडिलांना झुंझार प्यारा. मला काळापहाड, कारण नुसत्या नावानंच अंगावर काटा यायचा.

अर्नाळकर वडिलांच्या पिढीचे. आमच्या पिढीचे म्हणजे गुरुनाथ नाईक. त्यांचाही आकडा हजाराच्या पुढचा. कॅप्टन दीप, मेजर भोसले, गोलंदाज, शिलेदार अशी त्यांची फौज होती. चोर-पोलिसांच्या पलीकडे जाऊन ते आम्हाला सीमेवर, परदेशात, हेरांच्या जगात घेऊन गेले. २०२१ मध्ये ते गेले. तेव्हा मी वहीत त्यांच्या नावापुढचे शेरे वाचत बसले. एका पुस्तकापुढे आठवीतल्या अक्षरात लिहिलं आहे: 'मेजर भोसले मरणार नाही हे माहीत होतं तरी घाबरले.' या वाक्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

मग सुहास शिरवळकर. १९४८ ते २००३. त्यांच्याकडे वकील अमर विश्वास, डिटेक्टिव्ह मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, शिवाय दारा बुलंद. संवाद लिहावेत तर त्यांनी. २०१३ मध्ये 'दुनियादारी'वर सिनेमा आला आणि नव्या मुलांना ते एकदम ठाऊक झाले. पण ठाऊक झाले ते कॉलेजच्या कट्ट्याची कादंबरी लिहिणारे शिरवळकर. दारा बुलंद तसाच राहिला मागे. नारायण धारपांचंही (१९२५ ते २००८) तेच. २०१८ ला 'तुंबाड' आल्यावर लोकांनी विचारायला सुरुवात केली की हे धारप कोण. आमच्या घरात धारप दिवे लागणीनंतर वाचायला बंदी होती. मी वाचायचे, आणि मग परसातल्या संडासाला जाताना धाकट्या भावाला कंदील धरायला लावायचे. तो अजून त्याचा हिशोब मागतो.

ही पुस्तकं साताऱ्यात पोचायची कशी, हाही एक धडा आहे. सातारा जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेली माणसं किती, हे इथं कुणाला सांगायला नको. लालबाग-परळच्या खोल्यांतून ही माणसं जत्रेला, दिवाळीला गावी यायची. आमच्या आळीतल्या एका काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत काकूंचं लुगडं, पोरांना खाऊ आणि तळाला अंग चोरून बसलेली सात-आठ पॉकेटबुकं असायची. पाळीवर जाताना वाचलेली, घामाचे डाग पडलेली. ती आळीभर फिरायची. मी मुंबई पहिल्यांदा पाहिली त्याच्या कितीतरी आधी मला बोरीबंदरहून गिरगावात टॅक्सी कुठून वळते ते पाठ होतं. पुढे खरी मुंबई पाहिली तेव्हा मलबार हिल बघून थोडी निराशाच झाली. एकही बंगला संशयास्पद दिसला नाही.

*

या पुस्तकांची परीक्षणं फारशी कुणी लिहिली नाहीत. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणीत कविता असायची, प्रवासवर्णन असायचं, झुंझार नसायचा. समीक्षकांचं एक म्हणणं खोटं नव्हतं. यांतली पुष्कळ पुस्तकं घाईत लिहिलेली होती. मी वाचलेल्या एका पुस्तकात मेलेला शेट चार प्रकरणांनी फोनवर बोलतो. बायकांच्या वाट्याला सेक्रेटरी नाहीतर विषकन्या, मधलं काही नाही. पण वाईट पुस्तकांबद्दलही लिहायचं असतं. ते का वाईट आहे आणि तरी हजारो माणसं त्याच्यासाठी जेवण का विसरतात, हे विचारायचं असतं. आपल्याकडे ते कुणी विचारलं नाही आणि वाचणाऱ्यानं आपण होऊन सांगितलंही नाही, कारण लाज वाटायची.

इटलीत १९२९ मध्ये मोंदादोरी या प्रकाशकानं रहस्यकादंबऱ्यांची माला काढली. कव्हरं पिवळी होती. लोक तिला 'जाल्लो', म्हणजे पिवळं, म्हणू लागले आणि आज इटालियन भाषेत रहस्यकथेला शब्दच तो आहे. फ्रान्समध्ये १९४५ पासून काळ्या कव्हरांची माला आली, तिच्यावर विद्यापीठात प्रबंध झाले. लांब कशाला, चेन्नईच्या एका प्रकाशकानं २००८ मध्ये तमिळ पॉकेटबुकांतल्या कथा इंग्रजीत आणल्या. आमच्याकडे रहस्यकथेची परंपरा त्यांच्यापेक्षा फार धाकटी नाही. गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांवरून 'कालिकामूर्ती', 'चतुर माधवराव' अशी पुस्तकं बेतली. दातार १९४१ ला गेले. म्हणजे शंभर वर्षांचा ऐवज आहे. तो ठेवला कुणी?

ग्रंथालयांनी, असं उत्तर मनात येतं. साताऱ्याचं नगरवाचनालय १८५२ चं, सांगलीचं १८६९ चं. ही आपल्या भागाची थोर दौलत आहे. पण ग्रंथालयाचं एक गणित आहे, ते थोडं क्रूर आहे. जे पुस्तक रोज बाहेर जातं ते फाटतं, शिवलं जातं, पुन्हा फाटतं आणि एक दिवस बाद होतं. रहस्यकथा स्वस्त कागदावरच्या, दोन टाचण्यांत बसवलेल्या. त्या पहिल्यांदा गेल्या. ग्रंथालयाच्या कपाटात शंभर वर्षं टिकलेलं पुस्तक हे पुष्कळदा कमी वाचलं गेलेलं पुस्तक असतं. शिवाय ही पॉकेटबुकं मुळात ग्रंथालयांत थोडी आणि टपऱ्यांत जास्त. टपरीचं रजिस्टर कुणी जपत नाही. टपरी गेली की सगळं गेलं. मग उरतं काय, तर माझ्या वहीसारख्या वह्या. त्या किती असतील कुणास ठाऊक, पण मी एकटीच तशी असेन असं मला वाटत नाही.

*

सांगलीत आमचं घर गावभागात. सासूबाई सातवी शिकलेल्या आणि वाचनात मला चार वेळा विकून खातील अशा. त्यांच्याकडेही ट्रंक होती, तीही पॉकेटबुकांची. लग्नानंतर पंधरा दिवसांत आमचं त्या ट्रंकेवरून जमलं आणि एका गोष्टीवरून कायमचं बिनसलं. सासूबाई शेवटचं पान आधी वाचायच्या.

मला ते पाप वाटायचं. "अहो आई, मग उरलं काय?" असं मी विचारलं की त्या भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "अगं, मेलं कोण, मारलं कोणी ते कळलं की जीव थाऱ्यावर येतो. मग कसं मारलं ते सावकाश वाचते. तू आपली धापा टाकत वाचतेस, तुला कळतं तरी का काही?" एकदा मी फारच वाद घातला तेव्हा त्यांनी निकाल लावला. "रामायण ऐकायला बसताना रावण मरणार हे ठाऊक नसतं का? तरी सीतेला नेताना पोटात कालवतंच ना?"

या बिनकव्हरच्या पुस्तकाची गोष्ट मी त्यांना सांगितली. सात माणसं, मृत्युपत्र, सिगारेटची डबी. त्या हसल्या. म्हणाल्या, "वाचलंय मी हे. सांगू कोणी मारलं?"

मी दोन्ही कानांवर हात ठेवले. तीस वर्षांची बाई मी तेव्हा.

पुढे कितीतरी वेळा हा खेळ झाला. त्या "सांगू?" म्हणायच्या, मी "नको" म्हणायचे. चिडले की त्या धमकी द्यायच्या, सांगून टाकीन हं. २०१६ मध्ये त्या गेल्या. न सांगता.

*

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मला त्यांचं म्हणणं कळलं.

सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. कोयना धरण सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. साठा १०५ टीएमसीचा. धरण भरलं की दरवाजे उचलतात, पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि तिथून सांगलीकडे येतं. सांगलीत आयर्विन पूल आहे, १९२९ चा. त्याच्याजवळ पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना नमस्काराऐवजी 'आयर्विनला किती?' असं विचारतो. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न: 'कोयनेतून किती सोडलंय?' माझा भाऊ साताऱ्याहून फोन करून सांगायचा की इकडं धो धो चालू आहे, आज दरवाजे आणखी उचललेत. म्हणजे साताऱ्यात काय घडलं ते सांगलीत आम्हाला आधीच ठाऊक. पाणी येणार हे पक्कं. फक्त ते रस्त्यात आहे.

हिचकॉकनं एक उदाहरण दिलेलं प्रसिद्ध आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल आणि तो फुटला, तर धक्का बसतो, पण तो क्षणाचा. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत असेल आणि टेबलाभोवती माणसं निवांत गप्पा मारत असतील, तर त्या गप्पांचा प्रत्येक शब्द जीव खातो. उत्कंठा ही न कळण्यात नसते, कळून वाट बघण्यात असते. निशिकांत कामतांचा हिंदी 'दृश्यम' (२०१५) ज्यांनी पाहिला त्यांना हे आठवेल. मारलं कोणी हे आपल्याला लवकरच कळतं आणि खुर्चीची कड त्यानंतरच आपण घट्ट धरतो. आठवीतल्या माझ्या शेऱ्यात हेच होतं, मेजर भोसले मरणार नाही हे माहीत होतं तरी घाबरले. लिहिलं मी, कळलं सासूबाईंना.

त्या ऑगस्टमध्ये आयर्विनची पातळी ५७ फुटांवर गेली. आमच्या घराचा खालचा मजला पाण्याखाली होता. आम्ही विश्रामबागेत नातलगांकडे. नऊ दिवसांनी परत आलो तेव्हा सासूबाईंची ट्रंक जिन्याखाली, जागेवरच होती. जड होती म्हणून राहिली. उघडली तर आत पुस्तकं नव्हतीच, विटा होत्या. पानं फुगून, गाळ शिरून, एकमेकांना चिकटून झालेल्या विटा.

सांगलीच्या नगरवाचनालयाचं ते दीडशेवं वर्ष. त्यांच्याकडेही पाणी शिरलं आणि फार पुस्तकं गेली. ते नुकसान गावाचं होतं, त्याच्यापुढे आमच्या ट्रंकेचं काय सांगायचं? पण एक गोष्ट मला नंतर वाचायला मिळाली आणि तेव्हापासून ती टोचत राहिली आहे. १९६६ च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्सला पूर आला आणि तिथल्या ग्रंथालयांतली लाखो पुस्तकं चिखलात गेली. जगभरातून तरुण मुलं ती उपसायला धावली. भिजलेली पुस्तकं वाचवण्याचं जे शास्त्र पुढे वाढलं, त्यातली एक युक्ती अगदी साधी आहे. ओली पुस्तकं उन्हात टाकायची नाहीत. ती गोठवून ठेवायची. गोठली की बुरशी थांबते, मग सवडीनं एकेक पुस्तक सुकवता येतं. आता सांगली-तासगावात बेदाण्यासाठी शीतगृहं किती आहेत बघा! तिथला गारठा गोठवण्याइतका नसला तरी बुरशीला चार दिवस दम धरायला लावण्याइतका होता. आमच्या घरात कुणालाही ते सुचलं नाही. आम्ही सगळं गच्चीवर उन्हात पसरलं आणि ती चिकटलेली पानं आणखी घट्ट झाली.

गच्चीवर जागा करायला म्हणून माळा आवरला आणि माळ्यावर माझी वही सापडली, कोरडी. सोबत साताऱ्याहून आणलेलं ते बिनकव्हरचं पुस्तक. १९९४ च्या अर्धवट नोंदीखाली मी एक रेघ ओढली आणि तारीख घालून लिहिलं: 'आईंची ट्रंक. अंदाजे साठ पुस्तकं. नावं वाचता येतात ती अशी.' पंचवीस वर्षांनी ही पहिली नोंद. अकरा नावं वाचता आली.

*

परत लिहायला लागले तेव्हा अडचण वाटली ती भलतीच. लहानपणी मी शेऱ्यात बिनदिक्कत लिहून टाकायचे: खुनी डॉक्टर. आता कुणी वही वाचली तर, म्हणून हात अडतो. रहस्यकथेबद्दल लिहिणं म्हणजे भरल्या विहिरीच्या काठावरून चालणं. शेवट सांगायचा नाही आणि शेवट चांगला आहे की फसवा, हे तर सांगायचं. मी एक युक्ती काढली आहे. कथा किती खरी खेळली ते बघायचं. ज्या धाग्यावर उकल झाली तो धागा लेखकानं आधी मला दाखवला होता का? दाखवून माझं लक्ष दुसरीकडे नेलं असेल तर तो माझा पराभव आणि त्याची कला. दाखवलाच नसेल तर ती लबाडी. या एका निकषावर अर्नाळकरांची काही पुस्तकं अजूनही ताठ उभी राहतात आणि हल्लीची काही जाडजूड पुस्तकं आडवी होतात.

हल्लीची म्हणजे बहुतेक अनुवाद. रॉबिन कुक, जॉन ग्रिशॅम, डॅन ब्राउन मराठीत आले आणि सातारा-सांगलीच्या ग्रंथालयांत ती कपाटं आता सगळ्यांत मळलेली असतात. वाईट काहीच नाही त्यात. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला तेव्हाही आपण तो आपलाच म्हणून वाचला. पण नव्या मराठी लेखकाला अडचण आहे ती मोबाइलची. जुन्या रहस्यकथा अर्ध्याअधिक ट्रंककॉल न लागण्यावर आणि तार उशिरा पोचण्यावर चालायच्या. तार तर २०१३ ला बंदच झाली. आज नायिका तळघरात अडकली की वाचक विचारतो, रेंज नव्हती का? लेखकाला दर वेळी बॅटरी संपवावी लागते.

मला उलट वाटतं की आपल्या भागात तळघरांची वाण नाही, लिहिणाऱ्यांची आहे. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत. जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची, आत फुगीर. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही, कारण आत हवाच नसते. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. आधी वाट बघायची, मग कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. २००५ च्या पुरात यातली बरीच बुजली. मला सांगा, मलबार हिलवर याच्या तोडीचं काय आहे?

आणि खऱ्या घटना? २४ जुलै १९४३ ला सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील साथीदारांसह पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन निसटले, तटावरून खाली उड्या टाकल्या. पाठलाग झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळीबारात गेले. दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पकडले गेले. त्याच्या दीड महिना आधी, ७ जूनला, शेणोलीजवळ पगाराची रेल्वे अडवून सरकारी पैसा काढून घेतला गेला होता. कुंडलच्या तुफान सेनेचं ते काम, जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊंचं. शेणोली आज सातारा जिल्ह्यात आणि कुंडल सांगलीत, पण तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता आणि कुंडल औंध संस्थानात होतं. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला, त्याचं नाव सांगली झालं १९६० ला. नाना पाटलांचं प्रतिसरकार हा भूमिगतांचा, निरोप्यांचा, रात्रीच्या वाटांचा, फितुरांच्या भीतीचा तीन-चार वर्षांचा काळ. मी सातवीत जी पॉकेटबुकं वाचत होते, त्यांच्या थोडं आधीच, १९७७ ला, तुरुंग फोडून पळालेले ते वसंतदादा राज्याचे मुख्यमंत्री झाले होते. मुख्यमंत्र्यांचा बंगला मलबार हिललाच. आमच्या आळीतले आजोबा शेणोलीची गोष्ट सांगायचे आणि आम्ही पोरं कंटाळून झुंझार वाचायला पळायचो. इतिहास म्हणून ती गोष्ट शाळेत आली, चरित्रांत आली, भाषणांत तर फारच आली. घाम फोडणारी कादंबरी म्हणून माझ्या वहीत तिची नोंद नाही. कुणी लिहिली असेल आणि माझ्या नजरेतून सुटली असेल तर मला आनंदच आहे.

*

गेल्या काही वर्षांत मी ते बिनकव्हरचं पुस्तक पिशवीत घालून पुष्कळ हिंडले. पाचगणीजवळच्या भिलारला गेले. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, वेल्समधल्या हे-ऑन-वायच्या धर्तीवरचं. स्ट्रॉबेरीच्या शेतांमधल्या घरांत एकेका साहित्यप्रकाराची पुस्तकं ठेवलेली, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचावं. मी शोधायला गेले आणि धारप घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिले, शोध राहिला बाजूला. २०२६ च्या जानेवारीत साताऱ्यात ९९वं साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष विश्वास पाटील, म्हणजे शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेर्ल्याचे. तिथं जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्यानं माझं पुस्तक हातात घेतलं, पान नाकाशी नेलं आणि सांगितलं, सत्तरच्या अलीकडलं-पलीकडलं. लेखक? त्यानं मान हलवली. असली रद्दीत किलोवर गेली, म्हणाला, आम्हीच घातली.

सासूबाईंच्या ट्रंकेतल्या विटा मी टाकल्या नाहीत. त्यातली एक मापानं या पुस्तकाएवढीच आहे. कव्हर गळून गेलं आहे, पण वरच्या पानावरच्या गाळातून 'मृत्युपत्र' एवढा शब्द वाचता येतो. सुरी घालून पानं सोडवायला गेलं तर ती फाटणार हे मला कळतं. मी अजून सुरी घातलेली नाही.

तेव्हा वाचकहो, यंदा दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्यापुढे रिकामी करण्याआधी एकदा चाळून बघा. पॉकेटबुकं निघाली तर नाव, लेखक, प्रकाशक, साल एवढं एका वहीत उतरवा आणि पुस्तकं जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या. घेत नाहीत म्हणाले तर पुन्हा जा. आणि मलबार हिलचा बंगला, सात माणसं, मृत्युपत्र, दोनदा बदललेली सिगारेटची डबी, अशा खुणांचं पुस्तक सापडलं आणि त्याला पान ११३ असलं, तर या अंकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं एक कार्ड टाका. कार्डावर फक्त पुस्तकाचं नाव लिहा. खुनी कोण ते लिहू नका, वकील असला तरी.